वेगमर्यादेच्या वर किती चालतं? पोलिसांच्या सवलतीमागचा खरा हिशेब

प्रश्न नेहमीचाच आहे. पाटीवर ५० लिहिलंय, तर पोलीस नेमकं कितीपर्यंत सोडतात? कुणी छातीठोकपणे सांगतं, दहा टक्के चालतात. कुणी म्हणतं, दहा किलोमीटरपर्यंत कुणी विचारत नाही. कुणी ओळखीच्या पोलिसाचा हवाला देऊन आणखी वेगळाच आकडा सांगतं. वेग मोजणारी यंत्रं तपासणं आणि ती हाताळणाऱ्यांना शिकवणं हेच माझं काम राहिलं आहे, म्हणून हा हिशेब मुळापासून मांडतो.

आधी थोडक्यात उत्तर. कायद्याच्या भाषेत बहुतेक ठिकाणी सवलत शून्य असते. ५० च्या रस्त्यावर ५१ म्हणजे मर्यादा मोडली. प्रत्यक्ष कारवाई मात्र थोडं अंतर सोडून सुरू होते. हे अंतर कुठे जेमतेम २-३ किलोमीटर असतं, तर कुठे पंधराच्या पुढे जातं. पण ते तुम्हाला जोरात जाता यावं म्हणून ठेवलेलं नसतं. मोजण्यात चूक झाली तरी निर्दोष माणूस अडकू नये, एवढ्यासाठी ते असतं. आणि गाडीच्या मीटरकडे बघून ते अंतर वापरायला निघालेल्या माणसाचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकलेला असतो.

लोक सवलत म्हणतात तेव्हा चार गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: गाडीच्या मीटरमधला फरक, मोजणाऱ्या यंत्राची वजावट (यंत्राच्या संभाव्य चुकीपोटी मोजलेल्या वेगातून कमी करतात तो आकडा), खात्याने ठरवलेला कारवाईचा उंबरठा आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाचा विवेक. या वेगळ्या केल्या की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मीटरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम अनेक देशांत लागू आहे. तो म्हणतो, मीटरवर दिसणारा वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त दिसला तर चालेल, पण कारच्या बाबतीत खऱ्या वेगाचे दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर, एवढाच. म्हणजे खरा वेग १०० असताना मीटरने १०० पासून ११४ पर्यंत काहीही दाखवलं तरी गाडी नियमात बसते. ९९ दाखवलं तर मात्र बसत नाही.

कारखानदाराच्या जागी उभं राहून बघा. मीटर थेट रस्ता मोजत नाही. चाक किती वेळा फिरलं ते मोजतो आणि चाकाचा घेर गृहीत धरून वेग काढतो. टायरची हवा कमीजास्त होते, रबर झिजतं, एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्येही थोडा फरक असतो. या सगळ्यात मीटर एकदाही कमी दाखवणार नाही याची खात्री हवी असेल, तर तो मुळातच थोडा पुढे लावावा लागतो. माझ्या पाहण्यात बहुतेक गाड्यांचा काटा तीन ते सहा टक्के पुढे चालतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘मी रोज ५० च्या रस्त्यावर ५८ ने जातो, कधी चलान आलं नाही’ असं सांगणाऱ्या माणसाचा मीटर पाच टक्के पुढे असेल, तर त्याचा खरा वेग ५५ च्या आसपास असतो. त्याला वाटतं पोलिसांनी आठ किलोमीटर सोडले. सोडलेले असतात पाच, आणि तेसुद्धा कदाचित त्या रस्त्यावर त्या दिवशी कुणी मोजत नव्हतं म्हणून. मग असा माणूस दुसऱ्याची गाडी घेतो, तिचा काटा जवळजवळ अचूक असतो, तोच ५८ चा आकडा धरून तो जातो आणि चलान येतं. यंत्राने अन्याय केला असं त्याला मनापासून वाटतं. यंत्र तेच असतं, मीटर बदललेला असतो.

टायरचा मुद्दा किरकोळ समजू नका. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ मिलिमीटर उरली की अनेक देशांत तो टायर बाद धरतात. ३१ सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकावर हा फरक दोन टक्क्यांचा होतो. झिजलेलं चाक लहान, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं आणि मीटर जास्त दाखवतो. उलट, हौसेने मोठे टायर बसवले तर मीटर कमी दाखवू लागतो. ३० सेंटीमीटरची त्रिज्या दीड सेंटीमीटरने वाढली की खरा वेग पाच टक्के वाढला, आणि काट्याने मुळात तुमच्या बाजूने ठेवलेलं अंतर संपलं. अशी गाडी चालवणाऱ्याला मीटर मर्यादेत दिसत असतो आणि तो मर्यादेबाहेर असतो.

अमेरिकेत खासगी गाड्यांच्या मीटरसाठी असा केंद्रीय नियम नाही. व्यापारी ट्रक आणि बससाठी आहे, आणि त्यात ५० मैलांच्या वेगाला पाच मैल इकडे किंवा तिकडे, दोन्ही बाजूंना फरक चालतो. म्हणून युरोपातली समजूत तिकडे आणि तिकडची इकडे लावण्यात अर्थ नाही.

खरा वेग जाणून घ्यायचा असेल तर फोनमधलं जीपीएस पुरेसं आहे. फक्त सरळ, सपाट, मोकळ्या आकाशाखालच्या रस्त्यावर, एकच वेग काही वेळ धरून, आणि आकडा शेजारी बसलेल्या माणसाने वाचायचा. वेग वाढवताना किंवा कमी करताना जीपीएस मागे राहतं, बोगद्यात आणि उंच इमारतींमध्ये भरवशाचं नसतं. एकदा असा पडताळा घेतला की तुमच्या गाडीचा काटा किती पुढे आहे ते कळतं. टायर बदलल्यावर पुन्हा घ्या.

आता पोलिसांच्या बाजूचं यंत्र. रडार रेडिओलहरी पाठवतं आणि गाडीवर आपटून परतलेल्या लहरींच्या वारंवारितेतला बदल मोजतं. गाडी थेट समोरून न येता तिरकी येत असेल तर रडारला खऱ्यापेक्षा कमी वेग दिसतो. २० अंशांच्या कोनात १०० चा वेग ९४ दिसतो. रडार एका जागी उभं असेल तर ही चूक नेहमी चालकाच्या फायद्याची. अनेकांना वाटतं की कोनामुळे आकडा फुगतो, पण उभ्या रडारच्या बाबतीत उलटं होतं. रस्त्याकडेच्या ठरावीक कोनात बसवलेल्या कॅमेऱ्यांत हा कोन आधीच हिशेबात धरलेला असतो, तिथे मात्र बसवणाऱ्याने कोन अचूक लावणं महत्त्वाचं.

चालत्या पोलीस गाडीतल्या रडारची गोष्ट वेगळी. ते आधी जमिनीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून स्वतःचा वेग काढतं आणि समोरच्या गाडीच्या आकड्यातून तो वजा करतं. पुढे मोठा ट्रक चालत असेल आणि रडारने जमिनीऐवजी ट्रकचाच प्रतिध्वनी धरला, तर पोलीस गाडीचा वेग कमी मोजला जातो आणि ती तूट समोरच्या गाडीच्या खात्यात वेग म्हणून जमा होते. म्हणून शिकवताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो: रडारने दाखवलेला स्वतःचा वेग आणि आपल्या गाडीच्या मीटरवरचा वेग जुळतो का ते पाहिल्याशिवाय आकडा धरायचा नाही.

लेझर गन, म्हणजे लोक जिला सरसकट स्पीडगन म्हणतात ती, प्रकाशाचे अनेक स्पंद एकामागून एक सोडते आणि दर वेळी अंतर मोजते. सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात वेग निघतो. रडारचा झोत पसरट असतो, १२ अंशांचा झोत ३०० मीटरवर साठ मीटरच्या वर रुंद होतो आणि त्यात कितीतरी गाड्या मावतात. लेझरचा ठिपका तेवढ्याच अंतरावर जेमतेम मीटरभर असतो, त्यामुळे कोणत्या गाडीचा वेग घेतला यावर वाद फारसा उरत नाही. तिची कमजोरी वेगळी आहे. हात हलून ठिपका गाडीच्या अंगावरून मागेपुढे घसरला, तर ते अंतर गाडीनेच कापलं असा समज होऊ शकतो. तेवढ्या वेळात ठिपका मीटरभर सरकला तर हिशेबाने ताशी दहाबारा किलोमीटरचा फरक पडतो. चांगली यंत्रं असं विसंगत मोजमाप ओळखून आकडाच देत नाहीत. तरी नेम नंबरप्लेटवर धरून स्थिर ठेवायचा, हा धडा पहिल्या दिवसाचा.

या शक्यता आहेत म्हणूनच अनेक देशांनी वजावट नियमातच लिहून ठेवली आहे. जर्मनीत उभ्या यंत्रासाठी १०० पर्यंत ३ किलोमीटर आणि त्यापुढे ३ टक्के वजा करतात. पोलिसांनी नुसता पाठलाग करून, कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) न केलेल्या मीटरवरून वेग ठरवला असेल तर वजावट २० टक्क्यांच्या घरात जाते. कारण स्पष्ट आहे, पुरावा जितका कच्चा तितकी कपात मोठी. फ्रान्समध्ये स्थिर कॅमेऱ्यासाठी १०० पर्यंत ५ किलोमीटर, पुढे ५ टक्के. चालत्या गाडीतून मोजलं तर याच्या दुप्पट. स्वित्झर्लंडमध्ये १०० पर्यंत रडारला ५ आणि लेझरला ३, कारण लेझरवर भरवसा अधिक. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात स्थिर कॅमेऱ्याला २ आणि फिरत्या कॅमेऱ्याला ३ किलोमीटर, बस.

वजावटीचा परिणाम दंडावरही होतो. फ्रान्समध्ये ९० च्या रस्त्यावर ९६ मोजले गेले तर नोटिशीत ९१ धरतात, आणि दंड एका किलोमीटरच्या उल्लंघनाचा होतो. २०२४ च्या जानेवारीपासून तिथे ५ किलोमीटरपेक्षा कमी उल्लंघनाला परवान्याचा गुण कापत नाहीत (तिथे परवान्यावर गुण असतात आणि उल्लंघनाला ते कमी होतात), पण दंड कायम आहे. थोडक्यात, वजावट ठरलेली आहे, जाहीर आहे आणि ती संपली की पुढचा एक किलोमीटरही मोजला जातो.

ब्रिटनची पद्धत वेगळी आहे, आणि ‘दहा टक्के चालतात’ ही समजूत बहुतेक तिथूनच पसरली असावी. तिथल्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मर्यादेच्या दहा टक्के अधिक २ मैल इथून कारवाई सुरू करावी. ३० मैलांच्या रस्त्यावर ३५, ४० वर ४६, ७० वर ७९. ऐकणारा यातलं फक्त ‘दहा टक्के’ लक्षात ठेवतो. पण ही कपात नव्हे, उंबरठा आहे, म्हणजे सुरुवातीच्या चारातली तिसरी गोष्ट. ३० च्या रस्त्यावर ३६ ने सापडलात तर तुमच्यावर एका मैलाचा नव्हे, पूर्ण सहा मैलांच्या उल्लंघनाचा ठपका येतो. आणि त्याच सूचनांत स्पष्ट आहे की पोलीस अधिकाऱ्याच्या विवेकाला त्या बांधील करत नाहीत. शाळेसमोर ३२ ने जाणाऱ्याला थांबवून कारवाई केली तर ‘सूचनेत ३५ आहे’ हा बचाव होत नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची, कधी प्रत्येक शहराची रीत वेगळी. न्यूयॉर्क शहरातले शाळा परिसरातले कॅमेरे मर्यादेपेक्षा दहा मैलांहून जास्त गेल्यावर नोटीस पाठवतात. मेरीलँडमध्ये हा आकडा १२ मैलांचा आहे. पेनसिल्व्हेनियात तर कायद्यातच लिहिलं आहे की रडारसारख्या यंत्राच्या पुराव्यावर सहा मैलांपेक्षा कमी उल्लंघनासाठी दोषी ठरवता येणार नाही. सवलत खुद्द कायद्यात बसवल्याचं हे ठळक उदाहरण. मात्र त्याच कलमात पुढे अपवाद आहे: शाळेचा परिसर आणि काम चालू असलेला रस्ता यांना ही सूट लागू नाही.

सवलतीचा पट्टा कितीही रुंद असला तरी तो सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, हे या अपवादातून कळतं. शाळा, रस्त्याचं काम, वस्तीतला अरुंद रस्ता, पाऊस, धुकं, अवजड वाहन यांपैकी काहीही असलं की तो आखडतो, आणि पुष्कळदा शून्यावर येतो. कारण उघड आहे: मर्यादेची पाटी कोरड्या रस्त्यासाठी आणि चांगल्या उजेडासाठी लावलेली असते. पावसात मर्यादेइतक्याच वेगाने जाणाऱ्यालाही धोकादायक चालवल्याबद्दल थांबवता येतं. तिथे मर्यादेच्या वर किती, हा विचारच चुकीच्या टोकाने सुरू होतो.

आता चौथी गोष्ट, रस्त्यावरचा पोलीस. हा भाग लोकांना गूढ वाटतो, प्रत्यक्षात त्यात बरीच शिस्त आहे. ड्युटी सुरू होताना लेझर गनची तपासणी होते. आधी स्क्रीनचे सगळे ठोकळे उजळतात का ते बघायचं. मग मोजून आखलेल्या अंतरावरच्या खुणेवर गन धरायची आणि आकडा बरोबर येतो का ते पाहायचं. मग नेम: दूरच्या एका खांबावरून लाल ठिपका डावीकडून उजवीकडे हळूच फिरवायचा, ठिपका खांबावर आला त्याच क्षणी आवाज बदलला पाहिजे; तसाच वरून खाली. रडार असेल तर ट्यूनिंग फोर्क (आपटल्यावर ठरावीक वारंवारितेने कंपणारा धातूचा चिमटा) आपटून समोर धरतात, त्यावर कोरलेला वेग स्क्रीनवर यायला हवा. हे सगळं वहीत वेळ टाकून लिहायचं. कोर्टात उलटतपासणी होते ती या वहीची.

त्यानंतर मोजणी. शिकवलेला नियम असा की आधी डोळ्यांनी अंदाज घ्यायचा, मग गन उचलायची. गाड्यांचा लोंढा साधारण एका चालीने येत असतो, त्यातली एक गाडी अंतर खात पुढे येताना दिसते. अनुभवी माणूस मनात म्हणतो, ही सत्तरच्या वर आहे. मग नंबरप्लेटवर नेम, आकडा ७३. अंदाज आणि आकडा जुळले तरच कारवाई. अंदाज ५० चा आणि आकडा ८५ चा आला, तर ती गाडी सोडायची आणि यंत्र पुन्हा तपासायचं. यंत्र पोलिसाच्या नजरेला दुजोरा देतं, नजरेची जागा घेत नाही.

अशा ठिकाणी उभं राहिल्यावर ५० च्या रस्त्यावर ५३ ने जाणारी गाडी कोण थांबवणार? तिला थांबवून कागद बघेपर्यंत मागून ८० ने जाणारी निसटते. एका गाडीवर काही मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात तो पोलीस मोजू शकत नाही. म्हणून प्रत्येक तुकडी आपल्या रस्त्यापुरता एक आकडा मनाशी ठरवते, जिथून पुढच्या गाड्या थांबवायच्या. त्या रस्त्यावर सगळेच जोरात जात असतील तर तो आकडा वर सरकतो, अपघात झालेला असेल तर खाली येतो. तो कुठे लिहिलेला नसतो, आणि परवाचा आकडा आज लागू असेलच असं नाही. ‘या पुलावर ६५ पर्यंत चालतं’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याची माहिती त्याच्या मागच्या फेरीची असते.

थांबवल्यावर काय होतं तेही सांगतो, कारण सोडणं न सोडणं पुष्कळदा तिथे ठरतं. खिडकी खाली होते, चालक म्हणतो, ‘साहेब, पाचसातच तर जास्त होता, एवढं तर सगळेच जातात.’ हे वाक्य ऐकणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: याला वेग माहीत होता, आणि तो मुद्दाम ठेवला होता. याउलट, उताराने नकळत वेग वाढला असेल, रस्ता मोकळा असेल, सीटबेल्ट लावलेला असेल, फोन हातात नसेल, बोलणं सरळ असेल, तर उंबरठ्याच्या जवळच्या आकड्याला समज देऊन सोडणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. मागच्या सीटवर लहान मूल सीटबेल्टशिवाय उभं असेल तर तेच अधिकारी किलोमीटरभरही सोडत नाहीत. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर.

कॅमेऱ्यापुढे मात्र हे काही चालत नाही. त्यात आकडा भरलेला असतो, त्या आकड्यावर फोटो, खाली नाही. सरासरी वेग मोजणारे कॅमेरे तर आणखी नेमके: दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपतात आणि मधलं मोजलेलं अंतर लागलेल्या वेळेने भागतात. तिथे कोनाचा प्रश्न नाही, हात हलण्याचा नाही, आणि कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारण्याचाही उपयोग नाही. जसजशी मोजणी माणसाकडून अशा यंत्रणेकडे जाते आहे, तसतसा सवलतीचा पट्टा अरुंद होतो आहे. माझ्या अनुभवात ही दिशा एकाच बाजूची आहे.

सवलत उघड आणि मोठी ठेवली की काय होतं, हे संयुक्त अरब अमिरातीतल्या अबू धाबीने दाखवून दिलं. तिथे पाटीवरच्या मर्यादेपेक्षा २० किलोमीटरपर्यंत कॅमेरे नोंद करत नसत आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे १२० च्या रस्त्यावर लोक १४० हीच मर्यादा धरून चालवत. १२ ऑगस्ट २०१८ पासून तिथल्या पोलिसांनी ही सूट बंद केली आणि पाट्यांवरचे आकडे तेवढ्याने वाढवले. १२० ची पाटी १४० झाली, आणि १४१ ला नोंद. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. चालकाला एकच आकडा कळतो आणि यंत्रही तोच मानतं. गुपचूप सवलतीत नुकसान होतं ते नियम पाळणाऱ्याचं: तो ५० ने जात असतो, मागचा ६० ला मर्यादा समजून त्याच्या बंपरला चिकटतो.

इतकं सगळं आकड्यांचं बोललो, पण सवलतीचं हे अंतर पोलीस इतकं कंजूषपणे का ठेवतात, ते ब्रेकच्या हिशेबातून कळतं. तो एकदा स्वतः करून बघा. अचानक एक मूल रस्त्यात आलं. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, कोरडा रस्ता, चांगले टायर. ५० च्या वेगाने गाडी त्या दीड सेकंदात सुमारे २१ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४, म्हणजे जवळजवळ ३५ मीटरवर उभी राहते. मूल तिथेच, ३५ मीटरवर आहे असं समजा. गाडी त्याच्यापाशी येऊन थांबली. आता हाच प्रसंग ५५ ने. प्रतिक्रियेतच २३ मीटर गेले, ब्रेकला उरले १२. गाडी मुलापाशी पोहोचते तेव्हा तिचा वेग अजून ३० असतो. ६० ने असती तर ४३.

पाच किलोमीटर जास्त म्हणजे पाच किलोमीटरचा धक्का, असं मनाला वाटतं. ते तसं नसतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि ब्रेकचा सगळ्यात मोठा परिणाम शेवटच्या काही मीटरांत दिसतो. ५० वाल्याला मिळालेले ते शेवटचे मीटर ५५ वाल्याने आधीच खर्च केलेले असतात. प्रशिक्षणात हा हिशेब फळ्यावर मांडला की ज्यांनी रस्त्यावरचे पंचनामे केलेले असतात ते माना डोलावतात, त्यांनी ब्रेकच्या खुणा टेपने मोजलेल्या असतात.

स्वीडनचे संशोधक गोरान निल्सन यांनी वेग आणि अपघात यांचं नातं मांडलं. त्यांच्या सूत्रानुसार जीवघेणे अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घातानुसार बदलतात. सगळी वाहतूक दहा टक्के वेगवान झाली, म्हणजे प्रत्येकाने ‘दहा टक्के चालतात’ हे वाक्य खरं मानलं, तर जीवघेण्या अपघातांत सुमारे ४६ टक्के वाढ अपेक्षित धरावी लागते. एकट्या चालकाच्या हिशेबात ते दहा टक्के नगण्य दिसतात; वीस किलोमीटरच्या वाटेवर ५० ऐवजी ५५ ने त्याला सुमारे दोन मिनिटं मिळतात, आणि पुढचा सिग्नल तीही काढून घेतो.

मग व्यवहारात काय करायचं? मीटरच्या काट्यावर मर्यादेचाच आकडा धरा. मूळ मापाचे टायर असतील तर तुमचा खरा वेग मर्यादेच्या थोडा खाली राहतो, उतारावर तीनचार किलोमीटर नकळत वाढले तरी तुम्ही कारवाईच्या पट्ट्यात शक्यतो येत नाही, आणि मागच्यांचाही खोळंबा होत नाही. जीपीएसवर बघून अगदी मर्यादेला टेकून चालवायची सवय मात्र नको, मग चुकीला जागा उरत नाही. मोकळ्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) असेल तर लावा, पण तीव्र उतारावर काही गाड्यांत तो वेग रोखू शकत नाही, तिथे पायच हवा.

आणि तरीही चलान आलं, आणि ते चुकीचं आहे असं मनापासून वाटत असेल, तर रागाने लिहायच्या आधी नोटीस वाचा. बऱ्याच ठिकाणी त्यावर दोन आकडे असतात, मोजलेला वेग आणि वजावटीनंतर धरलेला वेग. वाद धरलेल्या वेगावर घालायचा असतो. फोटोत गाडी तुमचीच आहे का, आणि रडारने मोजलं असेल तर चौकटीत दुसरी गाडी आहे का, ते पाहा. दुसरी गाडी असेल तर हा खरा मुद्दा आहे. यंत्राचं शेवटचं कॅलिब्रेशन कधीचं, त्या दिवशीची तपासणी नोंदवली आहे का, तिथे मर्यादेची पाटी दिसण्याजोगी होती का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि नीट काम करणाऱ्या खात्याला त्याचा राग येत नाही.

‘माझा मीटर तर ५० च दाखवत होता’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी मात्र टायरचं माप तपासा. बाजूच्या भिंतीवर कोरलेलं असतं, आणि गाडीला मूळ कोणतं माप आहे ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडतं. दोन्ही जुळत असतील आणि मीटर खरोखर ५० वर असेल, तर तुमचा खरा वेग त्याहून जास्त असण्याचं कारण नाही. मग मोजणीतच काहीतरी गडबड आहे, आणि तक्रार करायलाच हवी. जुळत नसतील, तर आधी टायरवाल्याकडे जा.